विचारून टाका : गर्भपाताआधी आणि गर्भपातानंतर

या अंकात एकाच विषयावरची पत्रं घेतली आहेत. नावं, कॉलेजं, कंपन्या गाळल्या आहेत, राहण्याचा भाग तेवढा ठेवला आहे. उत्तरं स्त्रीरोगतज्ज्ञ आणि समुपदेशक यांनी मिळून दिली आहेत. लिहिताना वय, शेवटच्या पाळीची तारीख आणि राहायची सोय कळवलीत तर नेमकं उत्तर देता येतं.

प्रश्न : मी २३ वर्षांची. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, एमपीएससी करते. पाळी अकरा दिवस उलटली, टेस्टवर दोन रेघा आल्या. मित्र म्हणतो, ओळखीच्या मेडिकलमधून गोळ्या आणतो, खोलीवरच घे. घरी कळलं तर पुणं बंद. आई-वडिलांची सही लागते का? गोळ्या घेतल्यावर नक्की काय होतं?

सही फक्त तुमची. वय १८ पूर्ण असेल तर कायद्याने आई, वडील, नवरा, मित्र यांपैकी कोणाचीच संमती लागत नाही. संमतीच्या कागदाला फॉर्म सी म्हणतात, त्यावर तुम्ही सही करायची. वयाचा पुरावा मागतील, तो जवळ ठेवा. लग्न झालेलं नाही हीसुद्धा आता अडचण नाही. १९७१च्या गर्भपाताच्या (एमटीपी) कायद्यात गर्भनिरोधक फसल्याचं कारण फक्त विवाहितेला देता येत असे. २०२१च्या दुरुस्तीत 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' काढून 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असं केलं. तुमचं नाव डॉक्टरांनी बाहेर सांगितलं तर त्यांना एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. फोन नंबर मात्र स्वतःचाच द्या. लॅबवाले रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाकतात आणि घरचा नंबर दिलेला असतो, गुपित फुटतं ते बहुतेक वेळा असं.

आता दिवस. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. आठवडे संबंध आल्या दिवसापासून मोजत नाहीत, पाळी चुकल्या दिवसापासूनही नाही. ते मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. समजा पाळी १ मार्चला आली होती. २८ दिवसांचं चक्र असेल तर पुढची २९ मार्चला यायला हवी. आज ९ एप्रिल. मैत्रिणी म्हणतील, 'अकराच दिवस तर झालेत.' डॉक्टरांच्या हिशेबी मात्र ५ आठवडे ४ दिवस झाले. गोळ्यांची मुदत नऊ आठवडे, म्हणजे ३ मे. हातात साडेतीन आठवडेही नाहीत, त्यात तपासण्या आल्या. प्रिलिम झाल्यावर बघू म्हणणाऱ्या मुली इथेच फसतात. पीसीओडीमुळे पाळी अनियमित असेल तर हा हिशेब चालत नाही, सोनोग्राफीच करावी लागते.

मित्राच्या गोळ्या नकोत, याचं कारण नैतिक नाही, व्यावहारिक आहे. एक तर पुण्यातले बरेच मेडिकलवाले चौकशीचा ससेमिरा नको म्हणून गर्भपाताच्या गोळ्यांचं किट ठेवत नाहीत. मग ओळखीतून मिळतात त्या बऱ्याचदा सुट्या गोळ्या, कधी पाकिटाबाहेर काढलेल्या. त्यातलं मिसोप्रोस्टॉल हे औषध ओलाव्याने निकामी होतं. पूर्ण किटमध्ये मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या असतात. यापेक्षा कमी दिलं असेल तर ते अर्धवट औषध. दुसरी गडबड नावांची : ७२ तासांत घ्यायची आपत्कालीन गोळी आणि गर्भपाताचं किट ही अगदी वेगळी औषधं आहेत, पण काही कंपन्यांची नावं जवळजवळ सारखी. दिवस गेल्यावर आपत्कालीन गोळी घेऊन काही होत नाही, चार दिवस मात्र वाया जातात.

खरी भीती तिसरीच. गर्भ गर्भाशयाच्या पिशवीत नसून नळीत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही. गोळ्यांनी थोडं अंगावरून जातं, मुलीला वाटतं काम झालं, आणि नळी फुटते. एका बाजूला ओटीपोटात तीव्र कळ, खांदा दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणं दिसली तर रात्र असो की दिवस, १०८ लावायचा. म्हणूनच डॉक्टर आधी सोनोग्राफी करून गर्भ पिशवीत असल्याची खात्री करतात. पाचव्या आठवड्याच्या आत गेलात तर काहीच दिसत नाही आणि आठवड्याने परत बोलावतात. ती टाळाटाळ नव्हे. सोनोग्राफीआधी एफ फॉर्म भरून घेतात, गर्भलिंग तपासणीबंदीच्या कायद्यासाठी. त्यात नवऱ्याच्या नावाच्या रकान्यात आई किंवा वडिलांचं नाव चालतं. स्क्रीन बघायची नसेल, ठोके ऐकायचे नसतील तर आधीच सांगा. ते तुम्हाला दाखवलंच पाहिजे असा कुठलाही नियम नाही.

सोबत रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासतात. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर सहसा गोळ्या देत नाहीत. तांबी बसवलेली असेल, स्टेरॉइड बराच काळ चालू असेल, रक्त पातळ करणारं औषध घेत असाल तर न लपवता सांगायचं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन (पुढच्या गरोदरपणात बाळाला त्रास होऊ नये म्हणून देतात ते) सुचवतील. बारा आठवड्यांच्या आत त्याची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२२चं मार्गदर्शन आहे, तरी आपल्याकडे बरेच डॉक्टर देतात. त्याने अपाय नाही.

गोळ्या घेण्याचा क्रम असा. मिफेप्रिस्टोन पाण्याबरोबर गिळायची, शक्यतो दवाखान्यातच. गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचं काम ती थांबवते. त्या दिवशी बहुतेकींना फारसं काही होत नाही. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी मिसोप्रोस्टॉलच्या चारही गोळ्या. दोन एका गालात, दोन दुसऱ्या गालात, अर्धा तास तशाच ठेवून उरलेला चोथा गिळायचा. डॉक्टर जिभेखाली किंवा योनीमार्गात ठेवायलाही सांगतात. अर्धा तास आधी खाऊन घेऊन कळांसाठी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम घ्या. एक ते चार तासांत कळा आणि रक्तस्राव सुरू होतो, पाळीपेक्षा बराच जास्त, लिंबाएवढ्या गाठीही पडतात. थंडी वाजते, अंग तापतं, जुलाब होतात, मळमळतं. हे औषधाचंच, काही तासांत ओसरतं. मोठे दोन पॅड तासाभरात भिजले आणि सलग दोन तास असंच चाललं तर मात्र थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. ताप २४ तासांनंतरही १००.४ च्या वर राहिला, स्रावाला घाण वास आला, किंवा चोवीस तासांत रक्तच गेलं नाही, तरीही तसंच.

आता हे सगळं तुमच्या खोलीत डोळ्यांपुढे आणून पाहा. सहा मुली, एक संडास, सकाळी सातला पाणी, पलंगाला पलंग लागलेला. पाच-सहा तास तुम्हाला वारंवार संडासात जावं लागेल, तेव्हा दाराबाहेर रांग असेल. गोळ्या म्हणजे गुपचूप आणि सोपं, असं सगळ्यांना वाटतं. कॉट बेसिसवर नेमकं उलटं आहे. मैत्रिणीची स्वतंत्र खोली एक रात्र मिळत असेल तर गोळ्या ठीक, नाहीतर डॉक्टरांना दिवसभर दवाखान्यात ठेवून घ्यायला सांगा. किंवा सरळ व्हॅक्युम ॲस्पिरेशन, ज्याला 'सक्शन' म्हणतात, ते करून घ्या. बारा आठवड्यांपर्यंत ते हाताच्या सिरिंजने होतं. गर्भाशयाच्या तोंडाशी भुलीचं इंजेक्शन, प्रत्यक्ष काम पाच-दहा मिनिटांचं, थोडा आराम आणि त्याच दिवशी परत. गुंगीचं इंजेक्शन देणार असतील तर आधी सहा तास उपाशी राहायचं. सकाळी अभ्यासिकेत जाते म्हणून निघालेली मुलगी संध्याकाळी खोलीवर आलेली असते, आणि रक्तस्राव पाळीइतका किंवा त्याहून कमी.

'पिशवी धुतो' एवढंच सांगितलं तर पुढे विचारा, सक्शन की क्युरेटिंग? धारदार चमच्याने खरवडण्याची जुनी पद्धत आता करू नये असंच मार्गदर्शन आहे.

जायचं कुठे? ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, मंगळवार पेठेतलं महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय, पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. खर्च फार कमी, पण रांग असते, केसपेपर सकाळी लवकर काढा. खासगीत जात असाल तर गर्भपात केंद्राच्या मान्यतेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असलं पाहिजे, ते पाहा. खर्चाचा एकच आकडा ऐकून घेऊ नका. सोनोग्राफी, रक्त, औषध, पंधरा दिवसांनी होणारी तपासणी, आणि गोळ्यांनी पूर्ण न झाल्यास सक्शन, हे त्यात धरलंय का ते विचारा. अविवाहित दिसली की आकडा फुगवणारे आहेत. दुसरीकडे चौकशी करायला एक दिवस जातो, पण तेवढा वेळ तुमच्याकडे आहे.

प्रश्न : लग्नाला दोन वर्षं झाली, हिंजवडीत नोकरी. आत्ता मूल नको हे माझं पक्कं आहे. नवरा तयार आहे, सासूबाई नाहीत. डॉक्टर म्हणतात नवऱ्याची सही आणा, सासूबाई त्याला सही करू देत नाहीत.

ती सही कायद्यात नाहीच. दवाखाने पुढच्या भांडणाच्या भीतीने मागतात. 'एमटीपी कायद्यात फक्त माझी संमती लागते, फॉर्म सी द्या' एवढं वाक्य शांतपणे म्हणा. तरी अडले तर दवाखाना बदला, वाद घालत आठवडा घालवू नका. आणखी एक : कंपनीच्या विम्यातून खर्च भागवायचा असेल तर पॉलिसी कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. नवऱ्याच्या नावावर असेल तर क्लेमचा मेल त्याच्याकडे जाईल, आणि तो मेल घरात कोण वाचतं हे तुम्हालाच ठाऊक.

प्रश्न : मी २२ वर्षांची, पिंपरीत राहते. अविवाहित. उशिरा कळलं, सोनोग्राफीत २१ आठवडे आले. डॉक्टर म्हणाले, वीसच्या पुढे अविवाहितेचं होत नाही.

होऊ शकतं. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका अविवाहित तरुणीच्या खटल्यात स्पष्ट केलं, की २० ते २४ आठवड्यांच्या नियमातून अविवाहितांना वगळता येणार नाही. या टप्प्याला दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि परिस्थितीत झालेला बदल, लैंगिक अत्याचार, अपंगत्व, गर्भातलं व्यंग अशी नियमातली कारणं. छोट्या दवाखान्यांत फिरू नका. उद्या सकाळी थेट ससून किंवा यशवंतराव चव्हाण रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात जा. चोविसाच्या पुढे फक्त गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ परवानगी देतं, बाकीच्यांना न्यायालय. तुमच्याकडे दिवस मोजकेच आहेत.

(वय अठराच्या आत असेल तर पालकाची संमती लागते. पालक म्हणजे मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती, वडीलच हवेत असं नाही. डॉक्टरांना पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली) पोलिसांना कळवावं लागतं, पण मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असं याच निकालात म्हटलं आहे. हे माहीत नसल्यामुळे मुली भोंदूंकडे जातात.)

प्रश्न : कर्वेनगर. अठरा दिवसांपूर्वी गोळ्या घेतल्या. दोन दिवस खूप गेलं, गाठी पडल्या, मग कमी झालं. अजून डाग दिसतात. काल टेस्ट केली तर पुन्हा दोन रेघा! एका ठिकाणी सोनोग्राफीत 'थोडं राहिलंय' म्हणाले, उद्याच क्युरेटिंग सांगितलंय.

घाई करू नका. गर्भपात पूर्ण झाल्यावरही लघवीच्या टेस्टवर तीन-चार आठवडे रेघ येते, कारण हार्मोन रक्तातून हळूहळू उतरतं. आणखी दहा दिवसांनी पुन्हा करा. डाग पुढची पाळी येईपर्यंत, म्हणजे चार-सहा आठवडे, दिसू शकतात. 'थोडं राहिलंय' याचा बहुतेक वेळा अर्थ पिशवीत रक्ताच्या गाठी आहेत, अस्तर जाड आहे. केवळ अस्तराच्या जाडीवरून पिशवी धुण्याची गरज नसते. विचारायचा प्रश्न एकच : गर्भाभोवतीची पिशवी (सॅक) दिसते का, ठोके आहेत का? नसतील, जोराचं रक्त जात नसेल, ताप नसेल, मळमळ आणि स्तनांचं दुखणं थांबलं असेल तर थांबता येतं, किंवा मिसोप्रोस्टॉलचा आणखी एक डोस देतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

ठोके दिसले तर गोष्ट वेगळी. शंभरात एखाद-दुसरीच्या बाबतीत गर्भ गोळ्यांनंतरही वाढत राहतो. मग सक्शनने पूर्ण करून घ्यायला सांगतात, कारण मिसोप्रोस्टॉलमुळे बाळाच्या हातापायांत, चेहऱ्यात व्यंग येण्याचा धोका वाढतो. दवाखान्यात गोळ्या घेतल्याचं लपवू नका.

प्रश्न : माझ्या वीस वर्षांच्या मुलीचा गर्भपात झाला, सक्शनने. आम्ही दोघीच जाणतो. बाळंतिणीसारखं शेक-शेगडी, डिंकाचे लाडू करायचे का? उष्ण पडायला नको म्हणून पपई, तीळ बंद केलेत. पुढे मूल व्हायला अडचण येईल का? हडपसर.

मुलीबरोबर तुम्ही आहात, निम्मं काम तिथेच झालं. शेगडीची गरज नाही. कळांसाठी ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी पुरे. पपई-तिळाने आता काही होत नाही. तिला हवं लोह : अळिवाची खीर, खजूर, पालेभाजी, मांसाहार चालत असेल तर तोही, आणि डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर. गोळी किंवा जेवण झाल्यावर तासभर चहा नको, चहाने लोह शोषलं जात नाही. आपल्या घरांत हेच जमत नाही. डिंकाचे लाडू आवडत असतील तर करा, औषध म्हणून नको.

अंघोळ रोज करू दे. रक्तस्राव थांबेपर्यंत पॅडच वापरावं, कप किंवा टॅम्पॉन नको. पोहायलाही नको. दोन-तीन दिवसांनी कॉलेजला जाता येतं. जास्त दिवस घरी बसवली तर शेजारच्या काकू विचारणारच, काय झालं म्हणून. नीट झालेल्या गर्भपाताने वंध्यत्व येत नाही. अडचण येते ती जंतुसंसर्ग अंगावर काढला तर. म्हणून ताप, वास, वाढत जाणारी पोटदुखी यांकडे पंधरा दिवस लक्ष ठेवा. उलट हे तिला सांगा, की पाळी येण्याची वाट न पाहता आठ-दहा दिवसांतही बीज सुटू शकतं, म्हणजे लगेच पुन्हा दिवस जाऊ शकतात. आईने हे बोलणं अवघड वाटेल. डॉक्टरांना बोलू द्या, तुम्ही तेवढा वेळ बाहेर बसा.

प्रश्न : तीन महिने झाले. वाकडला राहते, वय २४. मला वाईटच वाटत नाही, सुटले असं वाटतं. मैत्रीण म्हणते, तू दगड आहेस. माझ्यात काही बिघडलंय का?

काही नाही. अमेरिकेत टर्नअवे नावाच्या अभ्यासात सुमारे हजार स्त्रियांशी पाच वर्षं संपर्क ठेवला होता. त्यांत सर्वाधिक सांगितली गेलेली भावना 'सुटले' हीच होती. जिला रडू येतं तीही नेहमीचीच. पहिल्या दोन आठवड्यांत हार्मोन झपाट्याने खाली येतात, कारण नसताना रडू येतं, चिडचिड होते. कोणाला सुटकाही वाटते आणि रडूही येतं, एकाच दुपारी. रडू आलं म्हणजे निर्णय चुकला असं नाही, न आलं म्हणजे माणुसकी गेली असंही नाही.

पत्रांमधून आम्हाला दिसतं ते असं, की त्रास गर्भपातापेक्षा त्याच्या भोवतीच्या गोष्टींचा जास्त होतो. तपासताना कोणी टाकलेला टोमणा, ऐन दिवशी फोन बंद ठेवणारा मित्र, कोणाला सांगता न येणं. एक माणूस निवडा, सल्ले न देणारा, आणि त्याला सांगा. मैत्रिणीला पुढचं सांगायची गरज नाही. झोप उडाली, जेवण तुटलं, कशातच मन लागत नाही असं सलग दोन आठवडे चाललं, किंवा जीव नकोसा झाला, तर १४४१६ ही टेलिमानसची मोफत सेवा आहे, मराठीत बोलतात, नाव सांगावं लागत नाही.

प्रश्न : प्रेयसीची परवा तारीख आहे, सक्शन. मी पैसे दिलेत. आणखी काय करायला हवं? विमाननगर.

सुट्टी काढा. दिवसभर, 'लंचपर्यंत येतो' अशी नको. तिच्या फाइलमध्ये सोनोग्राफी, रक्तगट, ओळखपत्र आहे का पाहा. मोठे पॅड दोन पाकिटं, गडद सैल पँट, चपला, पाण्याची बाटली, बिस्किटं. आत तिला एकटीला बोलावतील. तिथे घुसू नका, डॉक्टरांना तिच्या तोंडून ऐकायचं असतं. परतताना दुचाकी नको. खड्ड्यांनी काही बिघडत नाही, पण गुंगीत मागे बसलेली मुलगी पडू शकते. रिक्षा किंवा कॅब. रात्री दवाखान्याचा चालू नंबर तुमच्याकडेही हवा, आणि फोन सायलेंटवर नको.

पुढच्या गर्भनिरोधनाचं आजच बोलून ठेवा, टेबलावर झोपल्यावर विचारलं की मुली घाबरून 'नंतर बघू' म्हणतात. तिला हवी असेल तर तांबी सक्शननंतर त्याच वेळी बसवता येते. रोजच्या गोळ्या त्याच दिवशी सुरू होतात. तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन आणि आठवड्याची 'छाया' गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची, मग एकदा, हे बऱ्याच जणींना नीट सांगितलं जात नाही. निवड तिची. कंडोमचं काम मात्र यांतल्या कशानेच संपत नाही, ते तुमच्याकडे.